ब्रेशियातले २२९ डॉलर

दहशतवादावरची आंतरराष्ट्रीय बैठक म्हटलं की टीव्हीवर झेंडे दिसतात, कानाला यंत्रं लावलेले मुत्सद्दी दिसतात आणि खाली तीव्र निषेधाची पट्टी सरकत असते. माझी नोकरी बँकेत झाली. त्यातली शेवटची बरीच वर्षं केवायसी आणि संशयास्पद व्यवहार पाहणाऱ्या विभागात. त्यामुळे माझी आवड जरा निराळी आहे. ज्या बैठकीतून बँकेसाठी नवा फॉर्म निघतो, ती बैठक मला जास्त खरी वाटते. काउंटरवर एक आजोबा चिडून म्हणाले होते, “मॅडम, इतकी वर्षं खातं आहे माझं इथे. आता मी काय अतिरेकी झालो का?” त्यांना काय सांगणार, की आजोबा, हा कागद निघालाय पॅरिसहून?

आधी न्यूयॉर्कची गोष्ट. १९९६ साली भारताने संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला, की सगळ्या प्रकारच्या दहशतवादाला लागू होईल असा एकच करार करूया. बॉम्बस्फोटांवर १९९७ मध्ये, अतिरेक्यांच्या पैशावर १९९९ मध्ये आणि अणुदहशतवादावर २००५ मध्ये वेगवेगळे करार झालेही. भारताचा तो व्यापक करार मात्र अजून मसुद्यातच आहे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याला अतिरेकी म्हणायचं का आणि सरकारी सैन्याने केलेला संहार यात धरायचा का, या दोन प्रश्नांवर गाडी अडली ती अडलीच. हे निव्वळ वकिली वाद नाहीत, पॅलेस्टाइनपासून काश्मीरपर्यंतचं राजकारण त्यांत आहे. म्हणून मला त्या मुत्सद्द्यांचा राग येत नाही. पण तिथून काही येईल म्हणून मी वाटही पाहत नाही.

सुरक्षा परिषदेची ‘१२६७ समिती’ थोडी अधिक कामाची. ती अल-कायदा आणि आयसिस यांच्याशी संबंधित माणसांची यादी ठेवते. यादीत नाव आलं की सगळ्या देशांनी त्या माणसाचा पैसा गोठवायचा, प्रवास रोखायचा. गोम अशी, की पंधराही सदस्यांचं एकमत लागतं आणि एकाने हरकत घेतली की नाव लटकतं. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव चीनने अनेकदा अडवलं. ते यादीत चढलं १ मे २०१९ रोजी, पुलवामात ४० जवान मारले गेल्यानंतर.

आता ऑक्टोबर २०२२. त्या महिन्याच्या २८ तारखेला सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत आली आणि बसली ती ताजमहाल पॅलेस हॉटेलात. २६/११ च्या वेळी हॉटेलचे व्यवस्थापक असलेले करमबीर कांग तिथे बोलले. त्यांची पत्नी आणि दोन मुलगे त्याच इमारतीत गेले होते. हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्या साजिद मीरचा आवाजही ऐकवला गेला. बातमी अर्थातच मोठी झाली. मी मात्र आदल्या आठवड्यातली पॅरिसची बातमी कापून ठेवली होती: २१ ऑक्टोबरला पाकिस्तान करड्या यादीतून बाहेर पडला होता.

ही यादी एफएटीएफची, म्हणजे पॅरिसच्या फायनॅन्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्सची. १९८९ साली जी-७ देशांनी ही संस्था काढली ती अमली पदार्थांचा काळा पैसा अडवायला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत अतिरेक्यांचा पैसाही तिच्या कक्षेत आला. तिच्याकडे ना सैन्य, ना न्यायालय. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये सभासद बंद दाराआड बसतात आणि एकेका देशाचे कायदे, बँका, खटले तपासतात. एखादा देश करड्या यादीत गेला, की परदेशी बँका त्याच्या व्यवहारांकडे भिंगातून बघू लागतात. एलसी, म्हणजे आयात-निर्यातीचं पतपत्र, रखडते, कर्ज महागतं, व्यापारी आपल्याच सरकारच्या मागे लागतात.

पाकिस्तान जून २०१८ मध्ये या यादीत गेला. आधी २७ कलमी कार्यक्रम हातात पडला, पुढे आणखी सात कलमं. मग वर्षानुवर्षं न हललेल्या गोष्टी हलू लागल्या. लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईद याला फेब्रुवारी २०२० मध्ये लाहोरच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली, २६/११ साठी नव्हे, पैशाच्या प्रकरणात. ज्या साजिद मीरला मेलेला मानलं जात होतं, तो २०२२ मध्ये ‘सापडला’ आणि त्यालाही अशाच प्रकरणात १५ वर्षांची शिक्षा झाली. हा देखावा होता असं म्हणणारे आहेत, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. तरी देखावा करावा लागला, तो हिशेबाच्या तगाद्यामुळे. भाषणं तर २००८ पासून चालूच होती.

भारतालाही २०१० मध्ये एफएटीएफचं सभासदत्व मिळालं, ते घरचे नियम कडक केल्यावरच. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दिल्लीच्या एफआययूकडे, म्हणजे आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, जाऊ लागला. व्यवहार संशयास्पद वाटला तर रक्कम कितीही असो, कळवायचं आणि खातेदाराला सुगावा लागू द्यायचा नाही. संयुक्त राष्ट्रांची यादी संगणकावर आमच्या खातेदारांशी ताडून पाहायची. या ताडणीचा जाच कुणाला होतो, हे फारसं कुणी लिहीत नाही. यादीतली बहुतेक नावं मुस्लिम. नाव जुळलं की जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट तपासून होईपर्यंत एखादा सज्जन शिक्षक किंवा दुकानदार ताटकळतो आणि त्याला कारण नीट सांगताही येत नाही. असे कितीतरी लोक समोर बसलेले मी पाहिले. एकही खरा निघाला नाही.

आणि खरा जो होता, तो कुठून गेला? २५ नोव्हेंबर २००८ रोजी, हल्ल्याच्या आदल्या दिवशी, इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या एका दुकानातून २२९ डॉलर पाठवले गेले, दुसऱ्याच माणसाच्या ओळखीवर. त्या वेळचे अकरा-साडेअकरा हजार रुपये. त्यातून इंटरनेट फोनचं खातं चालू झालं आणि त्या लाइनवरून हल्लेखोरांना सूचना मिळत राहिल्या. १६६ माणसं गेली. एवढी रक्कम माझ्या काउंटरवर आली असती तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. पुलवामाच्या बॉम्बमध्ये वापरलेली अ‍ॅल्युमिनियम पावडर तर ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळावरून मागवलेली होती. एफएटीएफने २०२५ च्या अहवालात हे उदाहरण नोंदवलं आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली आणि जूनमध्ये एफएटीएफने निषेधाचं पत्रक काढलं: पैसा आणि तो हलवण्याची सोय असल्याशिवाय असे हल्ले होत नाहीत, अशा आशयाचं. पाकिस्तानला पुन्हा करड्या यादीत घाला, असा आग्रह आपल्याकडे लगेच सुरू झाला. पण त्या खोलीत चीन आहे, तुर्कस्तान आहे आणि निर्णय सहमतीने होतात. तिथे कुणाच्या खात्यातून, कोणत्या तारखेला, किती पैसे गेले हे दाखवावं लागेल. आणि रक्कम बहुधा पुन्हा २२९ डॉलरसारखीच असेल.