दूध का बाधते?

प्रौढ वयात दूध पिताच पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे किंवा जुलाब होणे हा आजार आहे असे सर्रास समजले जाते. वस्तुतः जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांना दुधातील साखर पूर्णपणे पचवता येत नाही. ही साखर, म्हणजेच लॅक्टोज किंवा दुग्धशर्करा, रक्तात शिरण्यापूर्वी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन लहान शर्करांत फुटावी लागते, आणि ते काम लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन, करते. अंगावरचे दूध सुटल्यावर बहुतेक सस्तन प्राण्यांत हे विकर कमी होत जाते. ज्या समाजांनी हजारो वर्षे गुरे पाळली, त्यांपैकी अनेकांत मात्र ते आयुष्यभर टिकवणारे जनुकीय बदल पसरले. त्यांपैकी भारतातही आढळणारा बदल वायव्येकडे अधिक असून आग्नेयेकडे सरकावे तसा तो विरळ होत जातो.

न फुटलेली दुग्धशर्करा पुढे सरकताना आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे मल पातळ होतो. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू तिला आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काहींच्या बाबतीत मिथेन वायू निर्माण होतो. यातील काही हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येऊन उच्छ्वासात उतरत असल्यामुळे श्वासाच्या साध्या तपासणीने निदान करता येते. परंतु याच आंबण्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन असतात, म्हणून वायू दिसला की जीवाणूंना शत्रू ठरवणे योग्य नाही. तेवढ्याच दुधाने एकाला त्रास व्हावा आणि दुसऱ्याला होऊ नये, हा फरक जीवाणूंच्या जातींवर आणि आतड्यातील मज्जातंतू ताण किती तीव्रतेने जाणवून देतात यावर अवलंबून असतो.

म्हणूनच दूध पचत नसलेल्या माणसाने ते कायमचे सोडावे, हा सल्ला सहसा अतिरेकी ठरतो. अशा बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे साधारण पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालते, आणि रोज थोडे थोडे घेत राहिल्यास आतड्यातील जीवाणूही त्याला जुळवून घेतात. दही तर अधिकच सोसते, कारण विरजणातील जीवाणू काही शर्करा आधीच आंबवतात आणि त्यांचे स्वतःचे विकर खाणाऱ्याच्या लहान आतड्यातही काम करीत राहते. पाणी घालून केलेल्या ताकात शर्करेचे प्रमाण आणखी कमी असते.

असा त्रास केवळ दुधापुरता नाही. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टान, तसेच राजमा, हरभरा, चवळी यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड या शर्करासाखळ्या फोडणारे विकर तर कोणत्याच माणसाच्या लहान आतड्यात नसते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या शर्करांच्या गटाला २००५ साली फॉडमॅप हे नाव दिले आणि त्यांवर आधारलेली आहारपद्धती विकसित केली. तिच्यात काही आठवडेच हे पदार्थ टाळायचे असतात आणि नंतर एकेक परत आणून कोणता किती सोसतो हे पाहायचे असते. पहिल्या टप्प्यावरच थांबणारी व्यक्ती आपल्या उपयुक्त जीवाणूंचे अन्न विनाकारण तोडते. गहू सोडल्यावर बरे वाटणाऱ्या अनेकांना त्यातील ग्लुटेन हे प्रथिन दोषी वाटते. तथापि नॉर्वेतील एका काटेकोर प्रयोगात, सिलिअॅक हा ग्लुटेनमुळे होणारा रोग नसूनही ग्लुटेन टाळणाऱ्यांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानचाच त्रास अधिक झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

या सर्वांपासून दोन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अॅलर्जीत प्रतिकारशक्ती अन्नातील प्रथिनांवर तुटून पडते आणि शेंगदाण्याच्या एका दाण्यानेही श्वास कोंडू शकतो. सिलिअॅक रोगात ग्लुटेनमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती लहान आतड्यातील शोषण करणारे अंकुर नष्ट करते. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजून 'वर्ज्य' पदार्थांची लांबलचक यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण ती प्रतिपिंडे बहुधा तो पदार्थ खाल्ला गेल्याचेच दर्शवतात. गव्हाबद्दल शंका असणाऱ्यांनी सिलिअॅकची रक्ततपासणी होईपर्यंत पोळी सोडू नये. गहू आधीच बंद केल्यास त्या रोगाची प्रतिपिंडे घटतात आणि रोग असूनही तपासणीत तो सापडत नाही.