तीन डीबीचा कान

आठ वर्षं ख्याल शिकलेली मुलगी गाणं सोडून ‘साउंड’च्या प्रवेश परीक्षेला बसणार, असं धारवाडात कुणीतरी हळहळून सांगितलं, म्हणून मी माळमड्डीतल्या तिच्या घरी गेले. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या मुलखात अशी हळहळ वाटणारच. पण तिच्या खोलीत घटकाभर बसल्यावर ती हळहळ मला पटेनाशी झाली.

तिला जायचंय पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या ध्वनी अभ्यासक्रमाला. रसूल पूकुट्टी 1995 साली तिथूनच शिकून बाहेर पडले आणि 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्करचे मानकरी ठरले. जुन्या प्रश्नपत्रिका, चित्रपटांवरची टिपणं, बारावीच्या भौतिकशास्त्राची उजळणी, हे सगळे करतात तसं तीही करते.

खरी मेहनत स्पीकरसमोर. संगणकातून ‘पिंक नॉइज’चा सलग खरखराट चालू असतो, धो धो पावसासारखा. मध्येच त्यातली एक पट्टी थोडी उचलली जाते आणि ती कुठली, हे तिनं हर्ट्झमध्ये सांगायचं. “पाचशे.” “दोन हजार.” डोळे मिटलेले, बोट मांडीवर. आधी पट्टी 12 डीबीनं, म्हणजे डेसिबलनं, उचललेली असते, मग 6, मग 3. आकाशवाणीतून निवृत्त झालेले तिचे सर म्हणतात, “तीन डीबी कळायला लागलं की कान तयार.” तीन डीबी म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट, कानाला मात्र वाढ जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डीबी लागतात. एका तंबोऱ्याशेजारी तसाच दुसरा छेडला, तरी भर पडते ती तीन डीबीचीच.

मग तिनं कोपऱ्यातला तंबोरा घेतला. जवारीचा दोरा सरकवून खर्ज छेडला आणि म्हणाली, “काकू, आता गंधार ऐका.” गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर, आपल्याकडचा स्वयंभू गंधार. तो स्वच्छ ऐकू आला. लगेच तिनं किबोर्डवर गंधार वाजवला, तर तो चढा. फरक जेमतेम 14 सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. तेवढ्यानंही तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. उपस्वरांचा धडा इतर मुलं पाठ करतात. हिनं तो गुरूंसमोर बसून ऐकलाय.

धारवाडचं आकाशवाणी केंद्र 1950 साली सुरू झालं. इथल्या गवयांची नावं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. काचेपलीकडे बसून त्यांचं गाणं टिपणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. मायक्रोफोन गवयापासून किती दूर ठेवायचा, तंबोरा किती ऐकू द्यायचा, हे तेच ठरवतात. तिथं कान तीन डीबीला चुकला, तर एक तर तंबोरा बुडतो, नाही तर तो गळ्यावर चढतो. इतकं नाजूक काम बेसूर कानाच्या हाती द्यावं, असं कुठल्या गवयाला वाटेल?

या मुलीनं गाणं सोडलेलं नाही. हुबळी-धारवाडच्या गुरुजनांना माझी कळकळीची विनंती आहे: एखादा शिष्य अशा परीक्षेचं बोलला तर नाराज होऊ नका. त्याला रोज तंबोरा जुळवायला बसवा, आणि ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडेही पाठवा.