भेटीचा चाकू

धारेची वस्तू भेट देऊ नये, हा समज काही फक्त आपला नाही. आपल्याकडे कात्री नुसती वाजवली तरी घरात भांडणं लागतात म्हणून घरातली मोठी माणसं ओरडतात. तिकडे युरोपातही चाकू भेट दिला की मैत्री कापली जाते, असं मानणारे लोक आहेत. त्यांनी त्यावर तोडगाही काढून ठेवला आहे. ज्याला चाकू मिळाला त्यानं देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. आपणही रुपया घ्यावा आणि मोकळं व्हावं. मैत्री कापली जाण्याची भीती मला नाही. बोट कापलं जाण्याची आहे, आणि त्याहून अधिक भीती आहे ती चाकू कपाटाच्या खणात पडून राहण्याची. भेट मिळालेल्या चाकूंपैकी पुष्कळांची गत हीच होते, कारण घेणारा चाकूकडे बघून घेतो. ज्याला द्यायचा त्याच्या हाताकडे बघत नाही.

मी बोलतोय ते खिशात मावणाऱ्या, घडीच्या चाकूबद्दल. घडीचा चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला रामपुरी येतो. त्या रामपूर शहरानं २०२३ साली एका चौकाला चाकूचंच नाव देऊन तिथे वीस फुटी चाकू उभा केला. तो आपला विषय नव्हे. आपला विषय आहे तो एसटीत बसल्या बसल्या पेरू चिरणारा, पेन्सिलीला टोक काढणारा, गडावर पाठपिशवीची दोरी कापणारा, पार्सलाची सुतळी सोडवणारा चाकू. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारांना धार लावण्यात गेली. त्यामुळे असा चाकू हातात आला की मी आधी पातं बघत नाही, सांधा बघतो.

घडीच्या चाकूचा जीव सांध्यात असतो. साध्या, लॉक नसलेल्या चाकूत मुठीच्या पाठीला लागून एक पोलादी पट्टी बसवलेली असते. ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडाला रेटत राहते. पातं पूर्ण उघडलं की त्या दाबानं ते उघडं राहतं आणि मिटलं की त्याच दाबानं मिटलेलं राहतं. तुम्ही पेरू कापता तेव्हा जोर धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेनं ढकलतो, म्हणून चिंता नसते. पण टोक खुपसून पुठ्ठ्याला भोक पाडायला गेलात, किंवा लाकडात अडकलेलं पातं ओढताना त्याच्या पाठीवर जोर आला, की स्प्रिंगचा दाब हरतो आणि पातं मिटतं. मिटतं ते नेमकं मुठीभोवतीच्या बोटांवर. बोटाच्या आतल्या बाजूला, पेऱ्यावर जखम झाली तर नुसती कातडी जात नाही. बोट वाकवणारी दोरी, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात, ती तिथे कातडीच्या अगदी जवळून जाते. ती तुटली तर दोन टाके घालून भागत नाही. शस्त्रक्रिया होते, नंतर बराच काळ व्यायाम करावा लागतो, आणि एवढं करूनही बोट पूर्वीसारखं वाकेलच असं नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की घेणारा माणूस चाकूनं नुसतं कापणार आहे की खुपसणार, कोरणारही आहे? नुसतं कापणाऱ्याला साधा चाकू पुरतो. डोंगरात फिरणाऱ्याला, लाकडात काम करणाऱ्याला लॉकचा द्यावा. लॉकचे प्रकार अनेक आहेत. काहींत मुठीच्या आतली पातळ पोलादी पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते, आणि मिटताना ती अंगठ्यानं बाजूला सारावी लागते. मला सगळ्यांत आवडतो तो फ्रान्सच्या सावोआ या डोंगराळ भागातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणानं १८९० मध्ये हा चाकू केला. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा, संपलं. १९५५ साली त्याच घरातल्या मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी एक फिरणारी कडी बसवली. पातं उघडायचं, कडी थोडी फिरवायची, पातं जागच्या जागी पक्कं. इतकं साधं लॉक की बिघडायला त्यात काही नाहीच. त्यांच्या चाकूंना नंबर असतात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, आणि मोठ्या माणसाच्या हाताला तेच बरं पडतं.

या चाकूची एक खोड मात्र सांगायला हवी. मूठ लाकडाची आहे, आणि लाकूड पाणी पितं. आपल्याकडे जूनमध्ये दरवाजे फुगून चौकटीत अडकतात, तशी ही मूठ फुगते आणि पातं बाहेर यायला तयार होत नाही. सावोआतले लोक यावर मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोकतात, की पातं थोडं वर येतं आणि बोटांत धरता येतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याला हा चाकू देणार असाल, तर ही युक्तीही त्याबरोबर द्या.

आता पातं. आपल्या भाषेत पोलादाला पाणी देतात, हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा बेताचं तापवून थोडा ठिसूळपणा काढायचा. चांगला चाकू म्हणजे या दोन्हींमधला मधला मुक्काम. फार कडक पातं धार जास्त दिवस धरतं, पण हाडावर किंवा आंब्याच्या कोयीवर आपटलं की त्याचे बारीक तुकडे उडतात, आणि ते घरच्या दगडावर धरेल अशी धार लावणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मऊ पातं लवकर बोथट होतं, पण दोन मिनिटांत पुन्हा तयार होतं. भेट द्यायची तर मी थोड्या मऊकडे झुकलेलं पातं पसंत करतो. ज्याला धार लावता येत नाही, त्याच्या हातातला अति कडक चाकू वर्षभरानं बोथट होतो आणि बोथटच राहतो. बोथट चाकू जास्त घातक. त्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोरात धरलेला चाकू निसटला की कुठे जाईल सांगता येत नाही.

साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला धार सुरेख येते. पण लिंबू, कैरी, आवळा कापला की ते काळवंडतं, आणि ओलं राहिलं तर तांबूस गंज धरतं. काळवंडणं हा दोष नव्हे, गंज मात्र दोष. पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवणारा माणूस असेल तर त्याला हेच पातं द्यावं, तो आयुष्यभर नाव काढील. बाकी सगळ्यांना, आणि समुद्राकाठच्या सगळ्यांनाच, स्टेनलेस. त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर एक न दिसणारा थर धरून ठेवतं, त्यामुळे ते सहसा गंजत नाही. सहसा म्हणालो, कारण खारट पाण्यात भिजवून ठेवलं तर तेही डागाळतं.

लाल मुठीच्या स्विस चाकूबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. त्याची गोष्ट मजेची आहे. १८९० च्या सुमारास स्विस सैन्याला आपल्या शिपायांसाठी चाकू हवा होता. त्यात पातं तर हवंच, पण स्क्रू ड्रायव्हर हवा, कारण १८८९ ची नवी रायफल उघडायला तो लागत असे, आणि डबा उघडायचं साधन हवं, कारण शिपायांना डबाबंद अन्न मिळत असे. भोक पाडायची आरी मिळून चार वस्तू झाल्या. पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावे लागले. १८९१ पासून कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं ते स्वित्झर्लंडमध्येच करून द्यायला सुरुवात केली. त्यानं १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात त्याच स्प्रिंगांवर मुठीच्या दोन्ही बाजूंना अवजारं बसवली, आणि बूच काढायचा स्क्रू आला. त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, म्हणून पुढे कंपनीचं नाव व्हिक्टोरिनॉक्स.

यातलं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की शिपायाच्या चाकूतल्या प्रत्येक अवजाराला काम होतं. आज तीस-तीस अवजारांचे चाकू मिळतात, आणि भेट देणाऱ्याला वाटतं, जितकी जास्त तितकी भेट मोठी. तो विटेएवढा जाड चाकू खिशात कुणी ठेवत नाही. एक मोठं पातं, एक छोटं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, बस्स. बूच काढायच्या स्क्रूऐवजी चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर असलेले नमुने मिळतात. आपल्या बहुतेक घरांत तोच जास्त उपयोगी पडतो. शिवणकाम करणाऱ्या बाईंना ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू द्यावा. त्यात इवलीशी कात्री असते आणि ती खरोखर कापते.

वयस्कर माणसाला चाकू देताना आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि तिकडे दुकानदारांचंही लक्ष नसतं. पात्यावर नख अडकवायची एक खाच असते. सत्तरीतल्या माणसाची नखं ठिसूळ, बोटांचे सांधे आखडलेले. कडक स्प्रिंगचा चाकू त्यांना उघडताच येत नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना मुलानं परदेशातून उंची चाकू आणून दिला. तो ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत, पण मिटलेलाच. उघडायला नातवाला हाक मारावी लागे. अशा माणसासाठी पातं बोटांच्या चिमटीत धरून उघडता येईल असा चाकू शोधावा. लहान मुलांसाठी ओपिनेलचाच गोल टोकाचा, बोट पुढे सरकू नये म्हणून आड बसवलेला चाकू मिळतो. दहा वर्षांच्या मुलाला तो द्यायला हरकत नाही. पहिले काही महिने मोठ्या माणसानं शेजारी बसायचं, एवढीच अट. आणि कोकणात कुणी कलमं बांधणारा असेल तर त्याला शोभेचा चाकू देऊ नका, कलमाचाच द्या. त्याची धार बहुधा एकाच बाजूनं काढलेली असते, त्यामुळे काप सपाट येतो. तेव्हा तो माणूस डावखुरा आहे का, हे आधी विचारा, कारण डावखुऱ्याला उलट्या बाजूची धार लागते.

दुकानात काय बघाल? चाकू उघडा आणि पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखडलं तर परत ठेवा. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे, आणि टोक कुठेही बोटाला लागता कामा नये. लॉक असेल तर ते लावून पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकेच आपटा, बोटं मात्र धारेच्या वाटेतून दूर ठेवून. लॉक सुटलं तर तो चाकू फुकटही घेऊ नका. शेवटी वर्तमानपत्राचा कागद कापा. पातं बुडापासून टोकापर्यंत एकसारखं चाललं पाहिजे. नावावर भुलू नका. लाल मूठ आणि पांढरा क्रॉस फुटपाथवर हव्या त्या किमतीला मिळतो. फ्रान्समधल्या लायोल गावाच्या चाकूचं नाव तर इतकं मोकळं सुटलं, की भलत्याच देशांत बनलेल्या पात्यांवरही ते वर्षानुवर्षं कोरलं जात होतं.

चाकूबरोबर एक बारीक दाण्याचा धारेचा दगड द्या, म्हणजे भेट पुरी झाली. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता जरूर द्यावा, पण पातळ पात्याचा चाकू नको. कोरड्या चाकावर पात्याची कड तापून निळसर झाली, की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग तिथे धार टिकत नाही.

राहता राहिला कायदा. खटका दाबताच उघडणारा चाकू कुणालाही देऊ नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याचे बटनदार, गरारीदार चाकू शस्त्र कायद्याखाली आणले. आणि मुलगा किंवा मुलगी शिकायला इंग्लंडला निघाली असेल, तर मी वर ज्याची इतकी स्तुती केली ते लॉक विसरा. तिथे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू खिशात ठेवता येतो. लॉकचा चाकू सबळ कारणाशिवाय रस्त्यावर जवळ बाळगणं हा तिथे गुन्हा आहे. म्हणजे तिकडे साधा स्प्रिंगचाच द्यायचा, आणि टोक खुपसू नकोस म्हणून बजावायचं. तोही विमानतळावर निरोप देताना हातात ठेवू नका, कारण हातातल्या पिशवीतला चाकू तपासणीत काढून घेतात. सामान बांधायच्या रात्रीच द्या, आणि मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, तुम्ही स्वतः ठेवा.