ऑक्सिडीकारक रसायनांच्या दुर्घटनांतील आपत्कालीन प्रतिसाद

अमोनियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॅल्शियम हायपोक्लोराइट यांसारखी ऑक्सिडीकारक रसायने सांडल्यास, तापल्यास किंवा आगीत सापडल्यास जीवितहानी टाळण्यासाठी जी कार्यवाही केली जाते, तिला ऑक्सिडीकारक रसायनांच्या दुर्घटनांतील आपत्कालीन प्रतिसाद असे म्हणतात. ही रसायने बहुधा स्वतः जळत नाहीत. परंतु जवळच्या ज्वलनशील पदार्थाला ऑक्सिजन पुरवून आग भडकवतात, आणि काही परिस्थितींत त्यांचा स्फोटही होतो. त्यामुळे नेहमीच्या आगीत उपयोगी पडणारे काही उपाय येथे निष्फळ किंवा घातक ठरतात. प्रतिसादाचे यश पथकाच्या धाडसापेक्षा ‘आत नेमके काय आहे’ या माहितीवर अधिक अवलंबून असते.

धोक्याचे स्वरूप

आग लागण्यासाठी इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. आग झाकून किंवा कोंडून हवेचा पुरवठा तोडला की ती विझते. ऑक्सिडीकारकाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे बाहेरची हवा तोडूनही ज्वलन चालू राहते. म्हणून फेस, कोरडी रासायनिक भुकटी व कार्बन डायऑक्साइड ही साधने अशा आगीत फारशी उपयोगी पडत नाहीत.

डिझेल, तेल, लाकूड, कागद, धान्याचे पीठ, गंधक, धातूंची भुकटी यांच्याशी मिसळल्यास ही रसायने अधिक धोकादायक होतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकले असता काडी न लावताही थोड्याच वेळात पेट घेतला जातो, हे प्रयोगशाळेतील परिचित उदाहरण आहे.

अमोनियम नायट्रेट सुमारे १६९° से. तापमानाला वितळते. आणखी तापवल्यास त्याचे विघटन होऊन विषारी वायू बाहेर पडतात. शुद्ध स्वरूपात ते बरेच स्थिर असते. मात्र बंदिस्त जागेत तापले किंवा त्यात इंधन व अशुद्धी मिसळल्या, तर त्याचा प्रचंड स्फोट होऊ शकतो. आगीतून निघणारा तांबूस-तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडची खूण असून तो गंभीर इशारा समजला जातो.

पदार्थाची ओळख

संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात ऑक्सिडीकारक पदार्थ ५.१ या विभागात आणि कार्बनी पेरॉक्साइडे ५.२ या विभागात येतात. ५.१ विभागाचे चिन्ह पिवळ्या चौकोनी पाटीवर वर्तुळ व त्यावर ज्वाला असे असते. प्रत्येक पदार्थाला चार अंकी क्रमांक दिलेला असतो. उदाहरणार्थ, अमोनियम नायट्रेटसाठी १९४२, तर अमोनियम नायट्रेटयुक्त खतासाठी २०६७. भारतात धोकादायक माल वाहणाऱ्या वाहनांवर पदार्थाचे नाव, हा क्रमांक आणि संपर्काची माहिती असलेला फलक लावणे बंधनकारक आहे. घटना कळवणाऱ्याने जवळ न जाता, दिसेल तेवढ्या अंतरावरून हा क्रमांक टिपून अग्निशमन दलाला सांगितल्यास पुढील निर्णय लवकर घेता येतात.

गळती किंवा सांडणे

घन पदार्थ सांडल्यास सर्व दिशांना किमान २५ मीटर आणि द्रव सांडल्यास किमान ५० मीटर परिसर तत्काळ रिकामा करावा, अशी शिफारस उत्तर अमेरिकी देशांच्या आपत्कालीन प्रतिसाद मार्गदर्शिकेत आहे. पथकाने वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे. सांडलेल्या पदार्थापासून लाकूड, कागद, तेल व इंधन दूर ठेवावे.

द्रव टिपण्यासाठी भुसा, चिंध्या किंवा कापूस वापरणे ही नेहमी होणारी चूक आहे. हे पदार्थ स्वतःच इंधन असल्यामुळे नंतर ते आपोआप पेटू शकतात. त्यांच्याऐवजी कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट यांसारखे न जळणारे पदार्थ वापरले जातात. गोळा केलेला पदार्थ मूळ साठ्यात परत टाकत नाहीत, कारण त्यात मिसळलेली घाण संपूर्ण साठा धोकादायक करू शकते.

आग

बहुतेक ऑक्सिडीकारकांच्या आगीत मुबलक पाणी हाच मुख्य उपाय आहे. पाणी ऑक्सिजन तोडत नाही, तर उष्णता काढून घेते. ते लांबून, शक्यतो माणूस जवळ न ठेवता मारले जाते. तापलेला माल किंवा तो भरलेले वाहन हलवू नये. टाकी, मालट्रक किंवा रेल्वे वाघीण आगीत सापडल्यास सर्व दिशांना ८०० मीटर परिसर रिकामा करण्याची आणि त्यात अमोनियम नायट्रेट असल्यास हे अंतर १६०० मीटर ठेवण्याची शिफारस उपरोक्त मार्गदर्शिकेत आहे. आग मालापर्यंत पोहोचली असेल, तर ती विझवण्याचा प्रयत्न सोडून माघार घेणे हाच योग्य निर्णय असतो.

पाण्याच्या नियमालाही अपवाद आहेत. सोडियम पेरॉक्साइड पाण्याशी तीव्र अभिक्रिया करते. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. पाणीपुरवठ्यात निर्जंतुकीकरणासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर (टीसीएल) याच कारणाने आम्ल, तेल व इंधनापासून दूर आणि कोरड्या जागी ठेवतात.

प्रथमोपचार

बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत नेऊन त्वचा व डोळे किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुतात. रसायनाने भिजलेले कपडे वाळल्यावर पेटू शकतात, म्हणून ते आधी पाण्याने भिजवून मग काढले जातात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात गेल्यास फुप्फुसांत पाणी साचण्याची लक्षणे काही तासांनंतरही दिसू शकतात. त्यामुळे रुग्णाला बरे वाटत असले, तरी वैद्यकीय निरीक्षण आवश्यक असते.

महत्त्वाच्या दुर्घटना

टेक्सास सिटी (१९४७) : १६ एप्रिल रोजी अमेरिकेतील या बंदरात ‘ग्रँडकँप’ या जहाजावरील अमोनियम नायट्रेटच्या गोण्यांतून धूर येऊ लागला. पाण्याने माल खराब होईल म्हणून जहाजाची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. या उपायाने आग विझली नाही. उलट बंदिस्त जागेत उष्णता वाढत गेली. सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी सुमारे २,१०० टन मालाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘हाय फ्लायर’ या शेजारच्या जहाजाचाही स्फोट झाला. किमान ५८१ लोक मृत्युमुखी पडले. त्यांत शहराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातील २८ पैकी २७ जण होते.

वेस्ट, टेक्सास (२०१३) : १७ एप्रिल रोजी लाकडी इमारतीतील लाकडी कप्प्यांत साठवलेल्या खताच्या गोदामाला आग लागली. आगीची खबर मिळाल्यापासून सुमारे २० मिनिटांतच स्फोट झाला. मृत १५ जणांपैकी बहुसंख्य मदतीसाठी धावलेले होते.

त्यानजिन (२०१५) : १२ ऑगस्ट रोजी चीनमधील या बंदरात नायट्रोसेल्युलोज आपोआप पेटले आणि आग सुमारे ८०० टन अमोनियम नायट्रेटपर्यंत पोहोचली. मृत व बेपत्ता १७३ जणांमध्ये शंभरहून अधिक अग्निशामक होते.

बैरूत (२०२०) : ४ ऑगस्ट रोजी बंदरातील गोदामात अनेक वर्षे पडून असलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन २०० हून अधिक लोक मरण पावले. गोदामाची आग विझवण्यासाठी पाठवलेल्या १० जणांच्या पथकातील कोणीही वाचले नाही.

या चारही घटनांत प्रारंभी एक आग होती आणि स्फोटापूर्वी काही वेळ हाती होता. तो माघार घेण्याऐवजी जवळ जाऊन आग विझवण्यात गेला. म्हणून साठ्याची अचूक नोंद अग्निशमन दलाला आधीच देणे हा प्रतिसादाचा पहिला टप्पा मानला जातो.

भारतातील व्यवस्था

भारतात अमोनियम नायट्रेटचे उत्पादन, साठवण व वाहतूक अमोनियम नायट्रेट नियम, २०१२ अन्वये नियंत्रित केली जाते. परवान्यांचे काम नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) पाहते. रासायनिक अपघातांच्या नियोजनासाठी १९९६ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले असून त्यांनुसार केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक स्तरांवर आपत्ती गट असतात. बैरूतच्या स्फोटानंतर चेन्नईजवळ २०१५ पासून जप्त करून ठेवलेला सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेटचा साठा ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबादला हलवण्यात आला.