उन्हाळी कामातून निघालेली नेपच्यूनची वाट

नेपच्यूनकडे कमीत कमी इंधनात थेट यान पाठवायचं, तर वाटेतच सुमारे ३० वर्षं जातात. १९६०च्या दशकात कोणतंही यंत्र अवकाशात इतकी वर्षं चालेल, अशी हमी कुणीच दिली नसती. ही कोंडी फोडण्यात पॅसाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, उन्हाळी कामाला आलेल्या दोन विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे.

पहिला मायकेल मिनोविच. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गणित शिकणारा हा विद्यार्थी १९६१च्या उन्हाळ्यात जेपीएलमध्ये आला. सूर्य, ग्रह आणि यान या तिघांच्या ओढाताणीचं गणित सूत्रात बसत नाही. संगणकाला टप्प्याटप्प्यानं आकडेमोड करायला लावून मार्ग काढावा लागतो. त्या गणितातून त्याला दिसलं, की ग्रहाजवळून नेमक्या अंतरानं गेलं तर यान इंधन न जाळताही वेग कमावतं. समोरून येणाऱ्या आगगाडीवर चेंडू आपटला, तर तो फेकला होता त्यापेक्षा किती तरी जोरात परत येतो, तसंच हे. गुरू सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगानं धावतो. त्याची ओढ यानाला वळवते आणि त्याच्या गतीतला अंश यानाला मिळतो. गुरूचा वेग तेवढ्यापुरता घटतो, पण इतका कमी की मोजताही येऊ नये. ग्रहांच्या ओढीचा असा वापर करण्याचा विचार आधीही मांडला गेला होता आणि श्रेयावरून वादही झाले. तरी तो आकड्यांनिशी, मार्गांसकट मांडण्याचं मिनोविचचं काम मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थेतला विद्यार्थी गॅरी फ्लँड्रो. १९६५च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे बाहेरच्या ग्रहांचा अभ्यास सोपवला गेला. कोणता ग्रह कधी कुठे असेल याचे आलेख मांडताना त्याच्या लक्षात आलं, की १९७०च्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून सूर्याच्या एकाच बाजूला येणार आहेत. एकाच्या धक्क्यानं दुसऱ्याकडे, असं करत चारही ग्रह १२ वर्षांत गाठता येतील. हा योग सुमारे १७६ वर्षांनी येतो. आधीचा आला तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता! उन्हाळ्यापुरत्या आलेल्या विद्यार्थ्याला फुटकळ काम न देता असा खरा, न सुटलेला प्रश्न हाती देणाऱ्यांचंही मला मनापासून कौतुक वाटतं.

हाच योग साधून २० ऑगस्ट १९७७ रोजी व्हॉयेजर-२ हे यान निघालं. मंजुरी फक्त गुरू आणि शनीपुरती होती, पण अभियंत्यांनी मार्ग असा आखला की पुढची दारं उघडी राहतील. त्याच्या जोडीच्या व्हॉयेजर-१ या यानाला शनीच्या टायटन या चंद्राजवळून न्यायचं ठरलं. त्यामुळे ते ग्रहांच्या कक्षांच्या पातळीबाहेर वळलं आणि त्याला पुढचे ग्रह मिळाले नाहीत. व्हॉयेजर-२ मात्र १९८६च्या जानेवारीत युरेनसपाशी आणि १९८९च्या ऑगस्टमध्ये नेपच्यूनपाशी पोचलं. त्यानंतर या दोन ग्रहांजवळ एकही यान गेलेलं नाही.