नवी गाडी घेतली, पण स्टेपनी कुठे आहे? आधुनिक गाड्यांत ड्रायव्हरना नेमकं काय कमी वाटतं?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की नक्षत्रवाडीनंतर थोड्याच वेळात चितेगाव येतं. टीव्ही-फ्रीजसाठी घराघरात पोहोचलेल्या व्हिडिओकॉन कंपनीच्या कागदोपत्री पत्त्यात याच गावाचं नाव होतं, '१४ किलोमीटरचा दगड, पैठण रोड, चितेगाव'. कंपन्यांचे ट्रक, कामगारांच्या बस, उसाच्या ट्रॉल्या आणि पैठणला दर्शनाला निघालेली कुटुंबं, सगळे याच रस्त्यावर असतात.

समजा, रात्री अकरा वाजता चितेगाव आणि बिडकीनच्या मध्ये तुमच्या गाडीचं चाक खड्ड्यात आपटलं आणि टायर कडेला फाटला. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असेल तर डिकीतून स्टेपनी, जॅक आणि पाना काढायचा, चाक बदलायचं आणि निघायचं. अर्ध्या तासाचं काम. गाडी नवी असेल, तर डिकीत कदाचित स्टेपनी नसेलच. तिथे एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असेल. फाटलेल्या टायरवर त्या बाटलीचा उपयोग होत नाही.

आजच्या गाड्यांत काय हरवलं, असं ड्रायव्हरना विचारलं की स्टेपनी, बटणं, तापमानाचा काटा, हँडब्रेक अशी नावं पुढे येतात. वरवर ही जुन्या सवयींची आठवण वाटते. पण या सगळ्या वस्तूंत एक गोष्ट समान आहे. अडचण आली तर ड्रायव्हर स्वतःच्या हाताने काहीतरी करू शकेल, किंवा अडचण येण्याआधी त्याला कळेल, यासाठीच त्या गाडीत होत्या.

'स्टेपनी' हा शब्द आला कुठून?

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गाडीसोबत जादा चाक मिळत नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूबला ठिगळ लावावं लागे. १९०४ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी यावर तोडगा काढला. टायर बसवलेली, हवा भरलेली एक तयार रिम त्यांनी बनवली. ती पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून अडकवली की गाडी पुढे जाई. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून या चाकाला 'स्टेपनी' हे नाव मिळालं.

पुढे कंपन्या गाडीसोबतच जादा चाक देऊ लागल्या आणि डेव्हिस बंधूंच्या चाकाची गरज संपली. शब्द मात्र भारतात टिकला. आजही पंक्चरच्या दुकानात 'स्पेअर व्हील' कुणी म्हणत नाही, स्टेपनीच म्हणतात.

नियम कधी बदलला?

भारतात गाडीसोबत जादा चाक देणं बंधनकारक होतं. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा (टीपीएमएस) आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी देण्याची गरज उरली नाही. ऑक्टोबर २०२० पासून ही सवलत लागू झाली.

यामागची कारणं खोटी नाहीत. एका चाकाचं वजन पंधरा-वीस किलो सहज भरतं. वजन घटलं की इंधन वाचतं आणि प्रदूषणाचे कडक होत जाणारे नियम पाळणं कंपनीला सोपं जातं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीसाठी जागा लागते, सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीतच बसतो. शिवाय चार चाकांच्या जागी पाच चाकं दिली की खर्च वाढतो.

ट्यूबलेस टायरमुळे पंक्चरचा त्रासही कमी झाला आहे. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि दुकान गाठायला वेळ मिळतो.

मग किट कुठे कमी पडतं?

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथे खिळा किंवा स्क्रू घुसला असेल तर किट काम करतं. बाटलीतला द्रव भोकात जाऊन घट्ट होतो, पंपाने हवा भरायची आणि बेताच्या वेगाने जवळचं दुकान गाठायचं. हा तात्पुरता इलाज असतो.

टायरची बाजूची भिंत फाटली, मोठी चीर पडली किंवा रिमच वाकली, तर किट निरुपयोगी ठरतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर नेमके हेच प्रकार होतात. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि चाक त्याच्या धारदार काठावर आपटतं. त्यात आता मोठ्या अलॉय व्हीलची आणि कमी उंचीच्या टायरची आवड वाढली आहे. अशा टायरच्या भिंतीत धक्का झेलायला रबर कमी असतं, त्यामुळे रिम आणि खड्डा यांच्यात तो चेपला जाण्याची शक्यता वाढते.

आणखी एक बाब फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. किटमधल्या द्रवाला मुदत असते. काही वर्षांनी बाटली बदलावी लागते. गाडी चार-पाच वर्षांची झाली आणि बाटली कधी पाहिलीच नाही, तर ऐनवेळी ती उपयोगी पडेलच असं नाही.

बटणं गेली आणि नजर रस्त्यावरून हटली

स्टेपनीची आठवण चाक बसल्यावर होते, बटणांची रोज होते. पूर्वी एसी कमी-जास्त करायला एक गोल खुंटी फिरवायची असायची. हाताला तिची जागा पाठ असे, बघावं लागत नसे. आता अनेक गाड्यांत हेच काम स्क्रीनवरच्या मेनूत जाऊन करावं लागतं. सपाट काचेवर बोटाला काहीच जाणवत नाही, म्हणून नजर तिकडे न्यावीच लागते.

याने किती फरक पडतो? स्वीडनच्या 'वी बीलेगारे' या मोटार मासिकाने २०२२ मध्ये हे मोजून पाहिलं. ताशी ११० किलोमीटर वेगात रेडिओ, तापमान वगैरेंची चार साधी कामं करायला प्रत्येक गाडीत किती वेळ लागतो, याची चाचणी त्यांनी घेतली. बटणं असलेल्या २००५ सालच्या व्होल्वो गाडीत ही कामं १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सर्वात मागे पडलेल्या आधुनिक गाडीला सुमारे ४५ सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात ती १,३७२ मीटर धावली.

कंपन्यांना स्क्रीन सोयीची पडते. वीस बटणं, त्यांच्या वायरी आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा साचा बनवण्यापेक्षा एक स्क्रीन आणि सॉफ्टवेअर स्वस्त पडतं. पण आता वारं थोडं फिरलं आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' संस्थेने २०२६ पासूनच्या गुणपद्धतीत इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि धोक्याचे दिवे यांच्यासाठी हाताला लागणारी बटणं किंवा दांडी असण्याला महत्त्व दिलं आहे. फोक्सवॅगननेही नेहमीच्या वापरातली बटणं परत आणणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं.

काट्याच्या जागी दिवा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात भरलेली गाडी एसी लावून चढावर चालली की इंजिनावर ताण येतो. पूर्वी डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असायचा. तो नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की ड्रायव्हर एसी बंद करायचा, गाडी सावलीला घ्यायचा.

अनेक लहान गाड्यांत आता काटा नाही, फक्त दिवा आहे. इंजिन थंड असताना निळा, फार तापलं की लाल. मधल्या प्रवासात काहीच दिसत नाही. कंपन्यांचं म्हणणं असं की बहुतेक लोक काट्याकडे बघतच नव्हते. शिवाय अनेक गाड्यांतला काटा तापमान थोडंफार बदललं तरी मध्येच स्थिर राहील, असाच बनवलेला होता. यात तथ्य आहे. पण ज्याला बघायची सवय होती, त्याची आगाऊ सूचना गेली. म्हणून लाल दिवा लागला तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असं म्हणू नये. गाडी लगेच बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नये.

हँडब्रेक आणि चावीचं काय?

कन्नडच्या औट्रम घाटात चढावर गाड्यांची रांग लागली की हँडब्रेक ओढून, क्लच हळू सोडत गाडी काढणं ही ड्रायव्हरची परीक्षा असायची. आता 'हिल होल्ड' यंत्रणा काही क्षण ब्रेक धरून ठेवते आणि हँडब्रेकच्या जागी एक बटण येतं. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र हा ब्रेक विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली तर तो सुटत नाही आणि गाडी ढकलता येत नाही.

चावीचंही तसंच. रिमोटमधला सेल संपला म्हणून दारात अडकून पडलेले अनेक जण असतात. बहुतेक रिमोटच्या आत एक छोटी धातूची चावी लपवलेली असते आणि दाराच्या हँडलजवळ, कधी झाकणाखाली, तिचं भोक असतं. आत बसल्यावर रिमोट स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवला की बऱ्याच गाड्या सुरू होतात. सोय आहे, पण ती माहीत नसेल तर नसल्यासारखीच.

म्हणजे जुनी गाडीच चांगली होती का?

नाही. ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा भारतात २०१९ पासून सर्व नव्या कारना सक्तीची झाली. ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागे गाडी घेताना सूचना देणारे सेन्सरही त्याच वर्षी सक्तीचे झाले. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा तर टायर फुटण्याआधीच सावध करते. यातलं काहीही जुन्या साध्या गाडीत नव्हतं, आणि यामुळे जीव वाचतात.

ड्रायव्हरची तक्रार नव्या सोयींबद्दल नाही. सोय देताना हातातला इलाज काढून घेतला आणि ते स्पष्ट सांगितलं नाही, याबद्दल आहे. शहरात कंपनीची मदत फोनवर मिळते. गावाच्या रस्त्यावर रात्री ती पोहोचायला किती वेळ लागेल, हे जाहिरातीत नसतं.

गाडी घेताना काय विचारावं?

- स्टेपनी आहे का? असल्यास पूर्ण मापाची की बारीक? बारीक स्टेपनीवर सहसा ताशी ८० किलोमीटरच्या वर जाता येत नाही.
- नसल्यास वेगळी विकत मिळते का आणि ती ठेवायला डिकीत जागा आहे का?
- सीएनजी गाडी असेल तर सिलिंडर न हलवता स्टेपनी बाहेर काढता येते का? हे शोरूममध्येच काढून दाखवायला सांगावं.
- किट असेल तर बाटलीची मुदत कधी संपते?
- एसी, वायपर आणि काचेवरची वाफ घालवण्याची सोय स्क्रीनकडे न बघता चालवता येते का? टेस्ट ड्राइव्हला हे करून पाहावं.
- बॅटरी उतरली तर दार कसं उघडायचं आणि ब्रेक कसा सोडवायचा?

स्टेपनी असलेल्या गाडीतही एक काम महिन्यातून एकदा करावं लागतं. चारही चाकांत हवा भरताना पाचव्या चाकातही भरून घ्यायची. वर्षभर हवा न पाहिलेली स्टेपनी रात्री अकराला बाहेर काढली आणि ती बसलेली निघाली, तर ती असून नसल्यासारखीच.