तीन वाफांचा शुक्रवार

मोरोक्कोत ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, कुठेही मिळतो, रस्त्यावरच्या टपरीतसुद्धा. कुसकुस मात्र घरात जेवायचा, आणि तोही शुक्रवारी. दुपारची नमाज आटोपून माणसं मशिदीतून परततात तेव्हा तो समोर यायला हवा, म्हणून घरातल्या बायकांची अख्खी सकाळ त्याच्यामागे जाते. माराकेशहून मी आणि आई एका दिवसासाठी अ‍ॅटलासच्या डोंगरात गेलो तो नेमका शुक्रवार होता.

इमलील माराकेशपासून साठेक किलोमीटरवर. उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर तुबकाल, ४१६७ मीटर, चढणारे इथूनच निघतात. आम्हाला शिखराशी देणंघेणं नव्हतं. अक्रोडांच्या सावलीतून, पाटाच्या कडेकडेनं चढत आम्ही आमच्या वाटाड्याच्या मावशीच्या घरी पोचलो. ८ सप्टेंबर २०२३च्या भूकंपानं या डोंगरातली कितीतरी गावं जमीनदोस्त केली. या घराची एक भिंत नव्या विटांची, अजून गिलाव्याविना. शेजारपाजारचे मावशीला अदबीनं ‘लल्ला’ म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

लल्ला मातीच्या रुंद परातीपुढे बसली होती. परातीत जाड रवा. त्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, बोटं फाकवून तळवा अलगद टेकवायचा आणि गोल गोल फिरवत राहायचं. मग बारीक पीठ भुरभुरायचं, पुन्हा हबका, पुन्हा तळवा. ओल्या रव्याला पीठ चिकटत जातं आणि दाणा धरतो. मग चाळणी. बारीक राहिलेलं खाली पडतं, ते परत परातीत. एरवी आपणही दुकानातला तयार कुसकुस आणतो, हे लल्लानं मोकळेपणानं सांगितलं. वाटाड्यानं आदल्या रात्री फोन केला होता, म्हणून आज हातचा.

चुलीवर दुमजली भांडं. खालच्यात मटणाचा रस्सा: कांदा, रात्री भिजवलेले छोले, हळद, सुंठ, मिरपूड, चिमूटभर केशर आणि दोऱ्यानं बांधलेली कोथिंबिरीची जुडी. वरच्या भांड्याला तळाशी भोकं, त्यात कुसकुस, आणि झाकण नाही. दोन्ही भांड्यांच्या सांध्याभोवती लल्लानं पिठाच्या पाण्यात बुडवलेली कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली. वाफेनं बाजूनं पळून जायचं नाही. दाण्यांतूनच वर यायचं, आणि येताना रश्श्याचा वास घेऊन यायचं.

वरून सगळीकडून वाफ फुटली की पहिला वाफारा झाला. कुसकुस उपसून परातीत आला, आणि खरं काम इथे सुरू झालं. उष्णतेनं दाणे एकमेकांना धरून बसलेले असतात. लल्लानं त्यावर ऑलिव्हचं तेल सोडलं, गार पाणी शिंपडलं आणि सरळ दोन्ही हात घातले. गुठळी दोन तळव्यांत धरून चोळायची, दाणे सुटे करून खाली सोडायचे. ‘‘अगं, हिचे हात पोळत कसे नाहीत?’’ आई म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं, वाटाड्यानं तिच्या ताशलहीत भाषेत. लल्लानं उत्तर न देता आईचं मनगट धरून तिचा हात परातीत नेला. आईनं दोन गुठळ्या मोडल्या आणि हात मागे घेतला.

हे तीनदा. मधल्या वेळात खालच्या रश्श्यात भाज्या शिजायला लागणाऱ्या वेळाप्रमाणे पडत होत्या: आधी गाजर, सलगम, कोबी, भोपळा अगदी शेवटी. मसाले आपल्या डब्यातलेच आहेत, ते कुणीही घालील. इथे कसब सगळं दाणा सुटा ठेवण्यात. दुकानातल्या कुसकुसाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं: उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाका. त्या कुसकुसाला रश्श्याची वाफ ठाऊकच नसते. पुण्यात मी तसा खाल्लाय, आणि पुन्हा खाईनसं वाटत नाही.

कुसकुस करण्या-खाण्याची ही विद्या २०२० साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली. अर्ज मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून केला होता. पुढच्याच वर्षी अल्जीरियानं मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले, पण यादीतलं नाव सामाईकच राहिलं.

नमाजेहून मंडळी आली. मोठ्या थाळ्यात कुसकुसाची रास, मधल्या खळग्यात मटण, कडेनं भाज्या उभ्या रचलेल्या, वरून रस्सा. सगळे त्याच थाळ्याभोवती. ज्यानं त्यानं आपल्या समोरचंच खायचं. घरातले उजव्या तळव्यात घास वळून अंगठ्यानं तोंडात सरकवत होते. आम्हाला चमचे दिले. लल्ला मधलं मटण तोडून आमच्या बाजूला ढकलत राहिली, आम्ही नको म्हटलं की दुप्पट.

बरोबर पेल्यांतून ताक आलं. मीठ-जिरं काही नाही, नुसतं गार ताक. आईनं ओळखीचा घोट घेतला आणि उरलेल्या कुसकुसाचं काय करता, असं विचारलं. उद्या ताकात कालवून खायचं, लल्ला म्हणाली. परतीच्या टॅक्सीत आईचा एकच धोशा होता: राहायला हवं होतं, उद्याचा ताकभात हुकला.